आरतीआधी

दुपारी एकला कॅम्पिंगचं फाटक बंद झालं. मिटाग्सरुह, म्हणजे सक्तीची वामकुक्षी. तीनपर्यंत गाडी हलवायची नाही. नेमकी तेव्हाच देवदत्तच्या कॅरव्हॅनची वीज तिसऱ्यांदा गेली.

जुलै २०१५. जर्मनीतल्या बोडेनझे तळ्याच्या काठी पारा सदतीसवर. आत त्याची आई, कुसुमताई, साताऱ्याहून महिनाभरासाठी आलेली. हृदयात दोन स्टेंट. "यांना तापू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. पंखा थांबला की त्या डब्याची भट्टीच व्हायची.

"आई, झाडाखाली बस की जरा."

"कीर्तन चाललंय रे. आरती झाल्याशिवाय उठायचं नसतं."

मोबाइलवर विष्णूबुवा रंगले होते. तीस वर्षांपूर्वीचं कीर्तन, कॅसेटवरून उतरवून घेतलेलं. झांज, चिपळ्या आणि बुवांचा तो खणखणीत आवाज.

देवदत्त झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात मोटारींचं वायरिंगच तपासायचा. त्याची पद्धत ठरलेली: सगळं काढायचं, मग एकेक जोडत जायचं. फ्रिज काढला, हीटर काढला, चार्जर, पंखासुद्धा. केबल ड्रमवरून पूर्ण उलगडली. विजेच्या खांबावर वॅट दाखवणारा छोटा मीटर लावला आणि खटका वर केला.

शून्य यायला हवं होतं. चाळीस आलं.

मग ऐंशी. मग एकशेवीस.

कॅम्पिंगचा म्हातारा रखवालदार सायकल थांबवून डोकावला. "खांबावर सहाच अँपिअर मिळतात हं. आत किती जण?"

"आई एकटीच."

"आल्झो, म्हणजे बाई बरीच वीज खाते!" हसत तो निघून गेला.

देवदत्त पायरी चढून आत गेला. खिडकीतून मीटर दिसत होता. आकडा चाळीसनं वाढला. तो उतरला, चाळीसनं कमी. पुन्हा चढला, पुन्हा उतरला.

"गेनाऊ. माणशी बरोब्बर चाळीस," तो पुटपुटला.

आकडा सहाशेवर गेला होता.

आई बाकाच्या कोपऱ्यात सरकत होती. "दत्ता, दारात उभा राहू नकोस. लोकांना येऊ दे."

"कोण लोक?"

"हळू बोल. बुवांचं लक्ष जातं."

त्यानं खांबाकडे धाव घेतली. बाराशे. त्यानं प्लगच उपटला. मीटर काळा पडला. तरी आत टाळ्या पडत होत्या. एका माणसाच्या नव्हत्या त्या.

तो आत शिरला. दार मागे आपोआप लागलं.

"आई, ऊठ. याला आरती नाहीच! बुवा उत्तररंगातच गादीवर कोसळले, कॅसेट तिथेच संपते. तूच सांगायचीस ना?"

"म्हणून तर सगळे थांबलेत."

त्यानं दार बाहेर ढकललं. ते बोटभर उघडलं आणि हलकेच परत आलं, टेकून बसलेल्या पाठीनं सारावं तसं. फटीतून गवत दिसलं. रांगारांगांनी दबलेलं, थेट फाटकापर्यंत. त्यावर कुणीच नव्हतं.

कॅसेट जिथे संपायची, ती जागा उलटून गेली. झांज थांबली नाही.

त्यानं आईच्या गालाला हात लावला. गार होता. घाम केव्हाच सुकलेला. कपाळावर ताजा बुक्का.

तिचा पदर छातीवर हलत नव्हता. टाळी मात्र तालात पडत होती.

मागून कुणीतरी वाकलं. एक थंड बोट त्याच्या भुवयांमध्ये टेकलं, थोडं दाबलं आणि पुढच्याकडे गेलं.

देवदत्त खाली बसला. कुणाच्या गुडघ्याला धक्का लागू नये म्हणून त्यानं पाय पोटाशी घेतले.