न वाकलेलं बूच

खजिनदार सकाळी आठला तळघराच्या जिन्याखाली सापडला. डोकं फुटलेलं, श्वास जेमतेम चालू, शर्टाला बियरचा भपकारा. क्लबच्या टेबलावर एक उघडी बाटली, शेजारी तिचं बूच आणि पत्र्याची रिकामी पेटी. नव्या जागेसाठी जमवलेला निधी, सव्वातीन लाख, साफ गायब.

दुपारी त्याची थोरली बहीण जिना उतरली. बँकेत तेहतीस वर्षं कॅशियर, सगळे तिला अक्का म्हणत. खोलीत एकच दिवा, भिंतींना ओल. काचेच्या कपाटांत बियरचे जुने मग, लेबलं आणि बाटल्यांची शेकडो पत्र्याची बुचं, एकालाही पोचा नाही. क्लब पिणाऱ्यांचा नव्हता, या वस्तू जमवणाऱ्यांचा होता.

इन्स्पेक्टर लिहीतच होता. "पैसे खाल्ले, दारू ढोसली, जिन्यावरून पडला. सरळ आहे."

"माझा भाऊ थेंब घेत नाही."

"सगळ्या बहिणी असंच म्हणतात, बाई."

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही म्हटलं होतं. भाऊ गेला तर दारुडा चोर म्हणून जाणार होता. अक्काला तेच सोसवत नव्हतं. तिने भावाची डायरी पुढे सरकवली. कालच्या पानावर लिहिलं होतं: 'पावती ७३ दोघा देणगीदारांकडे. पुस्तक दोनदा छापलंय. आज विचारतो.'

"चोर स्वतःच्या डायरीत 'आज विचारतो' लिहितो होय?"

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. "पावतीपुस्तकं छापून कोण आणतं?"

ते काम दोघांचं होतं, अध्यक्षांचं आणि सचिवांचं. दोघांना बोलावलं. अध्यक्ष आडव्या अंगाचे, लेबलं जमवणारे. सचिव किडकिडीत, स्वच्छ नखांचे. कपाटातली बुचं त्यांची. खजिनदाराला वेड फक्त मगांचं.

"काल शेवटी कोण निघालं?" अक्काने विचारलं.

"मी सातला गेलो," सचिव म्हणाले. "खजिनदार एकटेच हिशेब करत बसले होते."

"तेव्हा बाटली उघडलेली होती?"

"छे! इथे कुणी पीतच नव्हतं."

"अध्यक्षमहाराज, तुम्ही?"

"मी सहालाच घरी. काय अक्का, माझ्यावर संशय? लेबल सोडवायला बाटली भिजवण्यापलीकडे माझ्या हातून काही होत नाही हो."

अक्का टेबलावरच्या बुचाकडे बघत राहिली. मग पदराने वारा घेत म्हणाली, "घसा कोरडा पडलाय. सोडा मिळेल का? चौघांनाही आणा."

बाटल्या आल्या. अध्यक्षांनी ओपनर लावला, खटकन बूच उडालं आणि मधोमध दुमडलं. सचिवांनी खिशातून एक नाणं काढलं, बुचावर ठेवलं, त्यावरून ओपनर टेकवला आणि अलगद उचललं. बूच जसंच्या तसं. बोलता बोलता ते त्यांनी खिशातही टाकलं.

"साहेब, बघितलंत?" अक्का म्हणाली.

"काय?"

"साधं उघडलं की बूच दुमडतं. दुमडलेल्याला जमवणाऱ्यांत कवडीची किंमत नाही, म्हणून हे नाणं ठेवतात. सोड्यालासुद्धा! हाताची सवय, डोक्याला पत्ताच नाही. आता टेबलावरचं बघा."

इन्स्पेक्टरने ते उचललं. सपाट.

"भाऊ मगवाला. त्याने किंवा अध्यक्षांनी उघडलं असतं तर दुमडलं असतं. म्हणजे बाटली यांनी उघडली. आणि हे म्हणतात, सातपर्यंत बाटली उघडलीच नव्हती. मग सातनंतर इथे कोण होतं? दुसऱ्या पुस्तकावर देणग्या घेऊन यांनी परस्पर खिशात घातल्या. भावाने विचारलं, यांनी ढकललं. मग पेटी रिकामी केली आणि बियर त्याच्या शर्टावर ओतली. चोर तर चोर, वर दारुडाही ठरवला! मेल्या, तुझं काय बिघडवलं होतं रे त्याने?"

सचिवांचे ओठ पांढरे पडले.

"एकच बूच हवं होतं," ते पुटपुटले. "शंभर वर्षांपूर्वीचं. त्या कारखान्याचं जगात तेवढं एकच उरलंय. पुन्हा विकायला आलं नसतं. देणग्या त्यातच गेल्या."

इन्स्पेक्टरने त्यांचे खिसे उलटे केले. आतल्या खिशात कापसाच्या डबीत एक गंजकं बूच होतं. त्याने ते चिमटीत धरलं.

"जपून!" सचिव किंचाळले. "दाबू नका, वाकेल!"

अध्यक्षांनी तोंड फिरवलं. भावाचं डोकं फुटल्यापासून या माणसाच्या तोंडून 'जपून' पहिल्यांदाच निघालं होतं. अक्काचे डोळे भरून आले, पण आवाज कॅशियरचाच राहिला.

"साहेब, ती 'दारू ढोसली' वाली ओळ खोडा. माझ्यासमोर."

त्याने खोडली. अक्काने कागद दिव्याखाली धरून पाहिला. खालचं अक्षर अजून वाचता येत होतं.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा रेघ मारली. मग ती पिशवी उचलून हॉस्पिटलकडे निघाली. भाऊ ऐकत असो वा नसो, हे त्याच्या कानात सांगायचं होतं.