मुंजाजीचं काळीज

आमचा टेम्पो थांबला तेव्हा भर दुपार होती, आणि गावात कुणी नव्हतं.

म्हणजे घरं होती, दारं होती. दारांना कुलपं होती. दिवाळी झाली की शिरूर कासारच्या बाजूची गावं अशीच ओस पडतात, टोळ्या ऊसतोडीला निघून जातात, हे मी ऐकून होते. पण मी अंबाजोगाईची, कापडदुकानाच्या गजबजीत वाढलेली. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एका बंद दाराच्या ओट्यावर कुत्रं बसलं होतं. ते भुंकलं नाही... नुसतं माझ्याकडे बघत राहिलं.

मी रुद्राणी. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. औरंगाबादच्या एका डॉक्टरांकडे मी टेक्निशियन होते. पोट न फाडता, सुईच्या भोकातून तार आणि नळी आत सरकवायची विद्या सर मुंबईहून शिकून आले होते. नळी आत कुठे चालली आहे ते एक्स-रेच्या पडद्यावर बघायचं, आणि तो पडदा सांभाळायचा मी. परदेशातली वापरलेली यंत्रं तेव्हा नुकतीच आपल्याकडे सहज यायला लागली होती. सरांनी तसलं एक घेतलं आणि टेम्पोत चढवलं. आष्टी, पाटोदा, शिरूर... जिथून बोलावणं येईल तिथे आम्ही जायचो. त्या गावाच्या टोकाला एका ट्रस्टचं छोटंसं हॉस्पिटल होतं. तिथली ती आमची पहिलीच खेप.

यंत्र उतरवायला चार माणसं लागतात. ड्रायव्हर आणि दोन वॉर्डबॉय पुढे आले. चौथा कुठून आला ते मला कळलंच नाही. भिंतीच्या सावलीतून सुटून आल्यासारखा तो आला. उंच, सावळा, एका पायानं जरासा लंगडणारा. त्यानं यंत्राला हात लावला, आणि दोन्ही वॉर्डबॉय हात काढून मागे सरले.

"तुमी धरा म्याडम," तो मला म्हणाला. "हे काय धरणार न्हाईत."

"का?"

"यांला जड जातंय," तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसू फार सुंदर होतं... ते मी मनात ठेवलं.

मी, ड्रायव्हर आणि तो, आम्ही तिघांनी यंत्र आत नेलं. व्हरांड्यात रतनबाई सिस्टर उभ्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्या, ड्रायव्हरशी बोलल्या. तो त्यांच्या अगदी समोरून गेला, पण त्यांची नजर त्याच्यावर थांबली नाही. खिडकीतून पलीकडचं बघावं तशी त्याच्यातून आरपार गेली.

तो जनरेटर बघायचा. वीज गेली की तो ते चालू करायचा आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन सांगायचा, "आता घ्या म्याडम, करंट स्थिर हाय." मीही काहीबाही विचारायचे. त्याचं नाव मुंजाजी.

"मुंजा तर भूत असतं ना?" मी चेष्टेनं म्हणाले. "पिंपळावरचं. लग्नाआधीच गेलेल्या पोराचं."

"हां," तो म्हणाला. "आईनं नवसाचं ठेवलं. तिला काय ठावं, खरं ठरंल म्हून."

तो गेला आणि रतनबाई आत आल्या. त्यांनी खोलीत चहूकडे पाहिलं.

"म्याडम... कुणाशी बोलत होता?"

त्या उत्तराला थांबल्या नाहीत. उंबऱ्यावर चिमूटभर मीठ टाकून निघून गेल्या.

आम्ही दर पंधरवड्याला जायला लागलो, आणि दर खेपेला मी दोन गोष्टींची वाट बघायचे, पेशंटची आणि त्याची. दुसरी गोष्ट मी कबूल करत नव्हते. तो चहा आणून द्यायचा. मी पितेय का, हे तो फार लक्ष देऊन बघायचा. मी पहिला घोट घेतला की त्याचे खांदे सैल व्हायचे. बाकी कुणीही त्याच्या हातचं काही घेत नसे. तो "वाटेतून सरा" म्हणाला तरी माणसं सरकायची नाहीत. तो जवळ आला की मात्र आपोआप पांगायची, वाऱ्यानं भुसा पांगावा तशी. एकदा तर मला वाटून गेलं की तो फक्त मलाच दिसतोय. त्या दिवशी मी सरांना मुद्दाम विचारलं, "सर, जनरेटरवाला कसा आहे हो?" सर पेशंटचे कागद बघत होते. "कोण?" एवढंच म्हणाले.

पुढच्या खेपेला मी त्याला सरळ विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

त्यानं हाताला लागलेलं तेल पुसलं. मग म्हणाला, "जागा हाय शेतात. दाखवू?"

पेशंट यायला वेळ होता. आभाळ भरून आलं होतं, थंडीतलं अवेळी आभाळ. बांधाबांधानं आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे. ज्वारी कमरेइतकी होती, आणि वारा नसताना ती मधेच सळसळायची. लिंबाखाली एक सिमेंटचा ओटा दिसला, त्यावर तुळस. ओट्यावर रंगानं लिहिलं होतं—

कै. मुंजाजी. खाली गावाचं नाव, आणि मागच्या सालची तारीख.

"ही माझी," तो म्हणाला.

मला पळायचं होतं. पण तो चार हात लांब उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मला माझी भीती विसरायला झालं. भुताला कुणाची कशाला भीती वाटेल?

"हात द्या," मी म्हणाले.

त्यानं हात पुढे केला. मी मनगट धरलं. गरम होतं. नाडी होती... चांगली दणदणीत.

"मोजू नका," तो हळूच म्हणाला. "चुकंल."

"का चुकेल?"

"तुमी धरलंय म्हून."

थेंब पडायला लागले. मी हात सोडला नाही, आणि त्यानं सगळं सांगितलं. ऊसतोडीला जाताना त्यांचा ट्रक कालव्यात उलटला होता. थंडीनं कुडकुडणाऱ्या एका परक्या पोराला यानं आपलं स्वेटर दिलं होतं. तो पोरगा गेला. चेहरा ओळखू येत नव्हता. स्वेटर आईनं विणलेलं होतं. गावानं त्यालाच मुंजाजी म्हणून आणलं आणि जाळलं. खरा मुंजाजी तिकडे परमुलखातल्या सरकारी दवाखान्यात पाय मोडून बेशुद्ध पडला होता. शुद्ध आल्यावर त्यानं निरोप धाडला. निरोप आणणाऱ्यालाच लोकांनी हाकललं. शेवटी तो स्वतः एसटीतून उतरला, आणि त्याच आठवड्यात गावातलं एक लेकरू तापानं गेलं. मग जो तो म्हणाला, हे माणूस न्हाई, माणसाचं रूप घेऊन आलंय. ट्रस्टचे लोक बाहेरचे, त्यांनी तेवढं त्याला जनरेटरच्या खोलीत ठेवून घेतलं.

"आणि आई?"

"आईनं दार लावून घेतलं." त्यानं ओट्यावरचा पाला बाजूला केला. "ह्या पोराला कुणीच न्हाई. म्हून मी येतो हितं. कुणीतरी याया पायजे ना."

परतताना तो पुढे नव्हता. आम्ही बरोबर चालत होतो.

जानेवारीत भिवराबाई आल्या. हळदीसारखे पिवळे डोळे, अंगभर खाज, नुसती हाडं उरलेली. पित्ताची वाट बंद झाली होती. बरगडीखालून नळी घालून ते पित्त बाहेर काढायचं होतं, नाहीतर बाई महिना काढत नव्हती. मी त्यांना टेबलाकडे नेत होते, एवढ्यात वीज गेली, आणि मुंजाजी दारात आला.

"जनरेटर लावतो—"

तो थांबला. भिवराबाईंनी पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळल्या. त्या त्याची आई होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"त्यो न्यायाला आलाय," त्या भिंतीला म्हणाल्या. "त्यो हाय तवर मी निजणार न्हाई. मला घरी मरू द्या."

सरांनी समजावलं, रतनबाईंनी समजावलं. बाई खाली बसल्या आणि उठेनात. मुंजाजी निघून चालला. तो पुन्हा भिंतीच्या सावलीत मिसळून जाईल आणि कधीच दिसणार नाही, असं मला वाटलं.

"थांबा," मी म्हणाले. "जनरेटर लावा आणि इथे या. सर, मला एक मिनिट द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

जनरेटर धडधडायला लागलं. "निजू नका, नुसतं बघा, मग घरी जा," म्हणत मी भिवराबाईंना उठवलं, शिशाचा जाड एप्रन घातला आणि पडद्यापुढे उभं केलं. मुंजाजी शर्ट काढून टेबलावर आडवा झाला. मी दिवा मालवला, बटण दाबलं. काळ्या-पांढऱ्या धुक्यातून बरगड्या वर आल्या, आणि त्यांच्यामागे काहीतरी मुठीएवढं, सावलीसारखं, आवळत आणि सुटत होतं.

"हे हालतंय ते काय हाय?" भिवराबाई कुजबुजल्या.

"काळीज," मी म्हणाले. "तुमच्या मुलाचं."

मी त्याचा खांदा नीट करायला वाकले, माझी बोटं त्याच्या गळ्याजवळ टेकली, आणि पडद्यावरची ती मूठ एकदम भराभर उघडमीट करायला लागली. मागे रतनबाई खोकल्या. अंधार होता म्हणून बरं. माझे कान तापले होते.

पण भिवराबाई काळजाकडे बघतच नव्हत्या. त्यांचं बोट वर गेलं, गळ्याखालच्या हाडाकडे. तिथे हाड मोडून सांधलं होतं, मधे एक वाकडी गाठ होती.

"ही गाठ..." त्यांचा आवाज फुटला. "बैलानं ढकललं तवाची. पाच-सा वर्साचा आसंल. मी हळद लावून बांधलं, वाकडंच बसलं." त्या पडद्याच्या आणखी जवळ गेल्या. "रूप घेणारं रूप घेतंय वरनं. आतलं मोडल्यालं हाड त्याला कुठनं ठावं..."

मी बटण सोडलं. पडदा काळा झाला. त्या काळोखात एक म्हातारा हात चाचपडत टेबलाकडे जाताना मला ऐकू आला. बांगड्यांचा आवाज, मग फक्त जनरेटरची धडधड. दिवा मी मुद्दाम जरा उशिरा लावला.

नळी बसली. गडद हिरवं पित्त पिशवीत उतरायला लागलं तेव्हा मुंजाजी आईच्या उशाशी उभा होता, आणि तिनं त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

पुढच्या खेपेला गेले तर हॉस्पिटलच्या पायरीवर मायलेक एका ताटात जेवत होती. भर रस्त्यासमोर. भिवराबाईंच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्या सांगत होत्या, "माझा हाय. आतनं बघितलाय मी." काही लोक अजून रस्ता बदलून जात होते. काही थांबत होते.

तो हात धुऊन माझ्याकडे आला. टेम्पोच्या सावलीत आम्ही उभे राहिलो.

"म्याडम, एक इचारू?"

"रुद्राणी म्हणा, मग विचारा."

"रुद्राणी..." त्यानं ते नाव असं घेतलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. "मुंज्याचं लगीन राहिलेलं असतं म्हून त्यो झाड सोडत न्हाई, म्हंत्यात."

"मग?"

"मग... कुणीतरी सोडवाया पायजे."

मी हसले. डोळ्यांत पाणी का आलं, कुणास ठाऊक. "आम्ही लिंगायत, आमचे अप्पा गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी पीत नाहीत. दुकानात बसून माझ्यासाठी लातूरची स्थळं बघतायत. त्यांना मी काय सांगू?"

त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "सांगा, पोरगा एकदा मरून आलाय. आता लवकर मरत न्हाई."

"हे तुम्हीच येऊन सांगा. उद्या रविवार आहे, दुकान बंद असतं."

"अन् त्यांनी हाकललं तर?"

"एवढं सगळं गाव हाकलत होतं, तुम्ही गेलात का?"

त्यानं मान हलवली. आईकडे जाऊन तो तिच्या पाया पडला आणि धुतलेला शर्ट घालून टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसला. सर पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. मागे वळून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. टेम्पो निघाला. वाटेत उतरून आम्ही अंबाजोगाईची एसटी धरणार होतो. कुलपांची दारं एकेक करून मागे जायला लागली.

तेवढ्यात व्हरांड्यातून हाक आली.

"मुंजाजी..."

तो हलला नाही. समोर बघत राहिला. त्याचा हात माझ्या हातात होता, आणि तो एकदम गार पडला.

"तुमाला ऐकू आलं का?" त्यानं विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता. "का मलाच?"

मी मागे पाहिलं. रतनबाई पायरीवर उभ्या होत्या, उन्हाला हात आडवा धरून, सरळ त्याच्याकडे बघत.

"मुंजाजी, कवा येशील परत?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मला पण ऐकू आलं," मी म्हणाले. "ओ द्या त्यांना."

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओ दिली.