सार्थकची मिशी आणि पाच मीटर पाणी

कॅनडातल्या सस्काटूनच्या त्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर ऊर्मीला आधी मिशी दिसली, तिच्यामागचा माणूस नंतर. बाहेर उणे तीस, काचांवर बर्फाची जाळी, आणि आत हा गडी पाठीवर हवेची टाकी बांधून, मास्कमध्ये पाणी शिरल्यामुळे ठसकत उभा. "आई गं!" त्याच्या तोंडून निघालं, आणि ऊर्मीला हसू आवरेना.

"मराठी का हो तुम्ही? स्टार्टिंगलाच बुडून राहिले?"

"तुम्ही नागपूरच्या!" खोकता खोकता तो म्हणाला. "मी सार्थक, कोल्हापूर. इथं पोटॅशच्या माइनमध्ये इंजिनिअर."

"म्हणजे रोज किलोमीटरभर खाली जाता, अन् चार फूट पाण्याला घाबरता?"

इन्स्ट्रक्टरने दोघांना बडी केलं, म्हणजे पाण्याखाली एकमेकांवर लक्ष ठेवायचं. पाच रविवारांचा स्कूबा डायव्हिंगचा कोर्स. शेवटची टेस्ट पास झाली की फेब्रुवारीत सगळा ग्रुप कॅरिबियनला, नवशिक्यांनाही झेपेल अशा उथळ प्रवाळावर. आणि मार्चपासून ऊर्मीची नवी नोकरी, थेट पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीला.

तिसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. पण सार्थकच्या मास्कमध्ये पाणी शिरायचं काही थांबेना. मिशीमुळे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतच नव्हता. चौथ्या रविवारी इन्स्ट्रक्टरने सरळ सांगितलं, मिशी काढ, नाहीतर टेस्टला बसू नकोस.

"मग शेव्ह कर ना," कॉफी पिताना ऊर्मी म्हणाली. पार्किंगमधून येईपर्यंत तिच्या ओल्या बटा गोठून कडक झाल्या होत्या.

"वडील हयात असताना मिशी काढत नाहीत आमच्यात. आमच्या वडलांना, दादासाहेबांना कळलं तर तिथनं काठी फेकून मारतील."

"ठीक आहे... मग मला दुसरा बडी मिळेल."

ती हे हसत म्हणाली खरी, पण कॉफीचा कप तिने अर्धाच बाजूला सारला. तो इथेच राहणार, ती समुद्रावर जाणार, तिथून आल्यावर सामान बांधून बर्नाबी — संपलंच की मग! तिला आता प्रवाळ-बिवाळ काही नको होतं, हा हवा होता. पण बापलेकांच्या मिशीआड यायचं कुठल्या तोंडाने?

टेस्टच्या रविवारी ती दाराकडे पाठ करून पायात फिन्स चढवत होती.

"सरक जरा. बडी-चेक करायचाय, टाकी दाखव."

आवाज ओळखीचा, चेहरा परका. ओठावरची जागा सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी. ऊर्मी बघतच राहिली.

"दादासाहेब...?"

"काल फोन केला. म्हणाले, 'काढ. मी काय एवढ्यात जात नाही. पण मासे बघायला कोण मिशी काढत नाही. पोरगी कोण?'"

"मग तू काय सांगितलं?"

"म्हटलं... अजून तिलाच विचारलं नाही."

तेवढ्यात शिट्टी वाजली. पाण्याखाली त्याने मास्क काढला, डोळे मिटून पुन्हा चढवला, नाकातून जोरात हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढलं. नंतर एक थेंब आत शिरला नाही. ऊर्मीने त्याचा दंड धरून ठेवला होता, आणि टेस्ट संपल्यावरही तो सोडायचं तिला सुचलं नाही.

फेब्रुवारीत, पाच मीटर खोल, कोमट निळ्या पाण्यात ते दोघं बाजूबाजूने तरंगत होते. खाली पंख्यांसारखी जांभळी प्रवाळं डुलत होती, एक हिरवा पोपटमासा कुरुकुरु प्रवाळ खात होता. सार्थक मात्र माशाकडे बघत नव्हता. पाण्याखाली लिहायची कमरेची पाटी काढून त्याने पेन्सिलीने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं — 'मी बर्नाबीला आलो तर?'

ऊर्मीला इतकं हसू आलं की गाल फुगून तिच्याच मास्कमध्ये पाणी शिरलं. ते बाहेर काढून तिने पाटी ओढून घेतली. त्याच्या ओळीखाली तिने लिहिलं —

'ये. पण आधी घरी माझं नाव सांग.'