सीलबंद डब्या

बाळच्या एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात उघडी डबी. मोबाईलच्या पडद्यावर त्या डबीतल्या गेमच्या चित्रापुढे हिरवी खूण होती आणि खाली लिहिलं होतं, ‘घरात आहे’. डबीत मात्र डिस्क बसवायची गोल खाच तेवढी होती… रिकामी.

“याची चिकटपट्टी कुणी कापली?”

आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे, आणि म्हणूनच त्याच्या थोरल्या बहिणीला, ताईला, त्या आवाजाची धास्ती वाटे.

बाळ हे त्याचं घरातलं नाव. चाळिशी आली तरी ते बदललं नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या औषधभांडाराचा तो प्रमुख होता. दिवसभर खोकी तपासायची आणि घरी आलं की व्हिडिओ गेमच्या कपाटापुढे बसायचं. शाळेपासून जमवलेल्या गेमनी ते काचेचं कपाट भरलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने त्यांच्या नोंदींसाठी एक सॉफ्टवेअर घेतलं. डबीमागचा बारकोड मोबाईलला दाखवला की नाव, साल, आवृत्ती, चित्र सगळं आपोआप भरलं जाई. कुठल्या फळीवर ठेवला, कुणाला उसना दिला, शेवटचा कधी खेळला, याचे रकाने वेगळे. शेवटचा रकाना सगळ्या नोंदींत कोराच होता, कारण बाळ हल्ली खेळतच नसे. डबी नोंदवायची, पारदर्शक पाकिटात घालायची, तोंडाला चिकटपट्टी लावायची आणि वर सही ठोकायची, एवढाच त्याचा खेळ उरला होता. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने प्रत्येक डिस्कचा फोटो मागितला, म्हणून आज तो पहिल्या नोंदीपासून सुरुवात करायला बसला होता.

पहिली नोंद होती ती दोघांनी मिळून खेळायच्या गेमची. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायला लागल्यावर ताईने पहिल्या पगारात तो आणला होता. आईवडील गेले तेव्हा बाळ अजून शाळेत होता. ताईला दोनदा चांगली स्थळं आली, दोन्ही वेळा तिने नकार कळवला आणि त्याबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी दमून आल्यावरही ती त्याच्याशेजारी बसून तो गेम खेळायची, बहुतेक वेळा हरायची.

चिकटपट्टी ताईनेच कापली होती… पण डिस्क तिने घेतली नव्हती. त्या गेमच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर कोण किती वेळा जिंकलं याच्या रेघोट्या होत्या. गेल्या आठवड्यात एका दुपारी, घरात एकटं एकटं वाटलं म्हणून, तिने त्या बघायला डबी उघडली. पुस्तिका होती, डिस्क नव्हती. आणि त्याच दिवशी, तिच्या थोडं आधी, बाळची बायको काहीतरी चपटं पिशवीत सरकवत त्याच खोलीतून बाहेर पडताना तिला दिसली होती.

ताईने आता मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अंगाने लहानखुरी, म्हणून लग्नात ताईनेच तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. एरवी कुणाला बोलू न देणारी ती चिमणी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन वर्षांपूर्वी, दिवस भरत आलेले असताना, त्यांचं मूल गेलं होतं; तेव्हापासून नवराबायकोत कामापुरतं बोलणं उरलं होतं. या घरात माझ्यापेक्षा त्या कपाटाची निगा जास्त आहे, असं चिमणी एकदा बोलूनही गेली होती. रागाच्या भरात तिने ती डिस्क फेकली असेल, कुणाला देऊन टाकली असेल… आणि बाळला हे कळलं, तर जो शेवटचा धागा उरलाय तोही तुटणार!

“मी कापली,” ताई म्हणाली. “दुकानातल्या एका मुलीला खेळायला दिली. तिने हरवली.”

बाळने खाली बसून पहिल्या नोंदीची हिरवी खूण काढली आणि ‘कुणाकडे’ या रकान्यात लिहिलं, ‘ताई’.

दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागलं. सॉफ्टवेअरचा पासवर्ड बदलला. बाकीच्या सगळ्या डब्यांवरच्या सह्या त्याने भिंग घेऊन तपासल्या, आणि त्या जागच्या जागी आहेत म्हटल्यावर एकही पाकीट उघडलं नाही. सील शाबूत तर माल शाबूत, हा त्याचा भांडारातला नियम. फोटोंचं कामही त्याने सोडून दिलं. घरात असा हात फिरत असताना आपण होऊन सील तोडायला मी काय खुळा आहे का, असं तो चिमणीला म्हणाला. ताईला ऐकू जाईल अशा बेताने.

ज्याला तिने भाताचा पहिला घास कसा गिळायचा ते शिकवलं, तो आता ती कामाला निघाली की तिच्या पिशवीवरून नजर फिरवायचा… क्षणभरच, पण फिरवायचा. ताईने त्या नजरेखाली पिशवी मुद्दाम उघडी धरायला सुरुवात केली. आणि स्वतः ती चिमणीवर नजर ठेवू लागली. चिमणी कपाटामागच्या फटीत हात घालताना तिला पुन्हा दिसली. चाहूल लागताच तिने हात मागे घेतला आणि धूळ किती साचलीय, असं काहीतरी पुटपुटली. आपण हिच्यासाठी एवढं सोसतोय आणि हिचं मात्र अजून चाललंयच… हा विचार ताईला रात्रंदिवस टोचू लागला. त्यागातही असा कडूपणा मुरतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

चिमणी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. लोकांची तोंडं बघून कोण खरं बोलतंय ते ओळखायची तिला सवय. ताईची ती ‘दुकानातली मुलगी’ तिच्या घशाखाली उतरत नव्हती. कामावरून परतताना ती वाट वाकडी करून चष्म्याच्या दुकानात गेली. तिथे ताईखेरीज सगळे पुरुषच होते, आणि त्यातल्या सर्वांत तरुणालाही नातवंडं होती.

सुट्टीच्या दिवशी ताईने दुकानाजवळ एक खोली बघितल्याचं सांगितलं. बाळ “बरं” म्हणाला, एवढंच. ती कपडे भरत असताना चिमणी आत आली आणि तिने बॅगेचं झाकण खाली दाबलं.

“ताई, ती मुलगी कोण?”

ताई झाकण पुन्हा उचलू लागली.

“मी दुकानात जाऊन आले. तिथे सगळे आजोबा आहेत. त्यातला कोणता गेम खेळतो?”

ताईची नजर खुंटीवरच्या चिमणीच्या पिशवीकडे गेली. चिमणीने ती नजर पकडली… आणि तिला सगळं उमगलं.

“म्हणजे तुम्हाला वाटलं, मी घेतली.”

“अगं, तुमचा संसार मोडू नये म्हणून मी…”

“तुम्ही माझ्यासाठी चोर झालात, ताई. पण त्याआधी मला चोर ठरवलंत. एकदा विचारायचं तरी!”

ती तशीच तरातरा बाहेर गेली, मागोमाग ताई. बाळच्या समोरून तिने कपाटाची किल्ली उचलली, कुलूप काढलं, हाताला लागली ती डबी ओढली आणि त्याची सही फाडून पाकीट उघडलं. बाळ उठला. ती म्हणाली, एकीने माझ्या वाट्याचा आळ स्वतःवर घेतलाय, आता मलाही काहीतरी करू दे.

डबी उघडली आणि तिघंही थबकली. वर मोटारशर्यतीचं चित्र होतं, आत डिस्क होती ती फुटबॉलच्या गेमची.

बाळने फुटबॉलची डबी काढली. सील शाबूत होतं. त्यावरची स्वतःची सही त्याने स्वतःच फाडली. आत समुद्री चाच्यांच्या गेमची डिस्क. चाच्यांच्या डबीत भुलभुलैयाची. भुलभुलैयाच्या डबीत आणखी कुठली तरी… पाकिटांचा कचरा जमिनीवर साचत गेला. शेवटी एका युद्धाच्या गेमची डबी उघडली आणि तिच्यात ताईच्या पहिल्या पगाराची डिस्क होती, एकही चरा न गेलेली.

ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “पुन्हा तेच केलंस तू.”

लहानपणी ती त्याला याच खोडीसाठी रागवायची. गेम बदलताना तो मशीनमधली डिस्क काढून तिच्या डबीत ठेवत नसे. नव्या गेमची जी डबी हातात असे, तिच्यातच कोंबून मोकळा होई. मग ताई मागून एकेक डबी उघडून डिस्का जिच्या तिच्या घरी पोचवायची. मोठेपणी त्याने ती खोड मोडली होती. एवढा नीटनेटका झाला होता की ताईला ती आठवणही उरली नव्हती.

“कधी?” चिमणीने विचारलं.

बाळ जमिनीवर बसला. त्याचं बोलणं तुटक येत होतं. चिमणी इस्पितळात होती तेव्हा. भेटायची वेळ संध्याकाळची, दिवस जाता जात नव्हता. एक गेम लावायचा, थोडा पुढे जायचा, बंद करायचा, दुसरा लावायचा. कुठला लावला, कुठला काढला, त्याला आठवत नव्हतं. मग ती घरी आली आणि त्याने मशीन खोक्यात भरून वर टाकलं. पुढच्याच महिन्यात ते सॉफ्टवेअर आणलं आणि बंद डब्यांचे बारकोड दाखवत सुटला. त्यातली एकही डबी उघडून बघावी, असं त्याला वाटलं नाही.

“मला वाटलं होतं, तुला काहीच झालं नाही,” चिमणी म्हणाली. “तू रोज इस्त्रीचे कपडे घालून भेटायला यायचास.”

बाळने हाताने तोंड झाकलं. दोन वर्षं अडवून धरलेलं ते रडणं मोठं नव्हतं, पण थांबत नव्हतं… चिमणी उठली. तिने कपाटामागच्या फटीत हात घातला आणि एक चपटा लिफाफा ओढून त्याच्या मांडीवर ठेवला. पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीचे काळसर कागद होते ते. घरातलं सगळं हलतं, हे कपाट तेवढं हलत नाही, म्हणून तिने ते तिथे जपले होते. कधी कधी पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची, जेवणाच्या सुट्टीत बघायची, परत आणून ठेवायची. त्या दिवशी बाळने डबी पुढे धरली तेव्हा तिला वाटलं होतं की हा लिफाफाच त्याच्या हाती लागला.

ताई भिंतीला टेकून उभी होती. आपण कोणाला वाचवत होतो, आणि कशापासून… जन्मभर सोसल्याचं जे एक मूक समाधान तिने उराशी धरलं होतं, ते या एका दुपारी डोळ्यांदेखत विरून गेलं. ती पुढे आली आणि चिमणीसमोर उभी राहिली.

“मी तुझ्यावर संशय घेतला.”

“घेतलात,” चिमणी म्हणाली. “संशय मी विसरेन. तो सगळ्यांनीच घेतला. पण वर जो त्याग केलात ना ताई, तो विसरायला मला वेळ लागेल.”

ताईने मान हलवली. रडण्याचा हक्कही आपल्याला आज नाही, असं तिला वाटत होतं, तरी डोळे भरून आले. चिमणीने ते पाहिलं, पण पुसायला पुढे आली नाही. तिने आतून ताईची बॅग ओढत आणली, पालथी केली आणि सगळे कपडे पलंगावर ओतले. घड्या तुमच्या तुम्ही घाला, म्हणाली.

बाळने मोबाईल उचलला होता. पहिल्या नोंदीतल्या ‘कुणाकडे’च्या रकान्यातून त्याने ताईचं नाव पुसलं, आणि सवयीने मोबाईलचा कॅमेरा मांडीवरच्या लिफाफ्याकडे वळला. चिमणीने त्यावर हात ठेवला.

“याची नोंद नको.”

त्याने मोबाईल खाली ठेवला. ताईने युद्धाच्या डबीतली ती डिस्क दुकानातली काच धरावी तशी कडांनी उचलली, तिच्या स्वतःच्या डबीत बसवली आणि जमिनीवर, त्या दोघांपासून थोडं अंतर ठेवून, पुढच्या डबीचं सील काढायला बसली.

“इतक्या लांब का बसलात?” चिमणीने विचारलं. “मला तिथवर डब्या देता येत नाहीत.”

ताई जवळ सरकली.