काहिलीतून बेटावर

चांदी खाली बसायच्या आत आम्हाला बेटावरचं गवत आणायचं होतं. एवढंच काम! ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही तसंच वाटलं होतं.

चांदी म्हणजे आमची गाय. दिवस भरत आलेले, पोट खाली लोंबलेलं आणि वरून बरगडी न् बरगडी दिसणारी. लातूर जिल्हा नवा झाला त्याला दोन वर्षं होत आली होती आणि दोन्ही वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. जिल्हा नवा, पण ऊन तेच जुनं. गावातली बाकी जनावरं सहा कोसांवरच्या चारा छावणीत गेली. चांदीला तेवढं चालवणं शक्यच नव्हतं. वेशीपर्यंत नेली तर तिचे पाय लटपटायला लागले. दावणीत कडब्याचं चिपाडसुद्धा उरलं नव्हतं. दोन दिवस ती आमच्या छपराचं पाचट ओढून खात होती. आणि दुष्काळात जनावर एकदा बसलं की पुन्हा उठत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

मी पंचशीला. धर्मांतरानंतर वस्तीत जन्मलेली पहिली मुलगी, म्हणून हे नाव मिळालं. नावाला शोभेल असं शांत डोकं मात्र मला मिळालं नाही. नवरा लिंबाजी रोजगार हमीच्या कामावर दगड पडून पाय मोडून घरी बसलेला. सकाळ-संध्याकाळ खडी फोडायला मीच जायचे. वाटेवर तलाव लागायचा आणि तलावाच्या मधोमध ते बेट.

बेट कसलं, पूर्वीचं टेकाडच ते! तलाव झाला तेव्हा त्याच्या पायथ्याचं गाव पाण्यात गेलं आणि टेकाड तेवढं वर राहिलं. तिथं ना घर, ना देऊळ, ना पायवाट. भोयांच्या होड्या केव्हाच दुसऱ्या धरणावर गेल्या होत्या, म्हणून तिकडे कुणी फिरकत नव्हतं. आणि म्हणूनच तिथं गवत उभं होतं. पिवळं, छातीएवढं! मी रोज त्याच्याकडे बघायचे आणि शिव्या घालायचे.

होडी नसली की आमच्याकडे लोक गुळाची काहील पाण्यात घालतात. उसाचा रस उकळायची ती लोखंडी कढई, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. गावात एकच धड काहील उरली होती, गुंडप्पा आप्पांची. आप्पा साठीचे, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि गुऱ्हाळाच्या धुरानं कायमचे लाल झालेले डोळे. दोन वर्षं ऊस नव्हता, त्यामुळं काहील गुऱ्हाळात पालथी पडलेली.

"काहील देतो," आप्पा म्हणाले. "पण मी बी येणार. माझ्या आज्यानं घेतलेली हाय ती. दुसऱ्याच्या हाती न्हाई द्यायचो."

"मग मी बी येते," माझी सासू धुरपताबाई मागून बोलली. तिला मी आत्या म्हणते. "त्या टेकाडावर शेरडं राखून मोठी झाले मी. गवत कुठं दाट, जनावर कुठं बसतंय, सगळं ठाव हाय मला."

लिंबाजी बाजेवरून ओरडला, "माय, पाण्यात पडलीस तर?"

"तर तुझी बायको काढंल. नदीकाठची सून उगंच केली व्हय?"

असा आमचा जथा ठरला. एक म्हातारा, एक म्हातारी आणि मी.

काहिलीच्या तळाला, पत्र्याच्या सांध्यात, केसाएवढी भेग होती. आप्पांनी आदल्या दुपारी तिच्यात चुना आणि गूळ कालवून भरला आणि अंगठ्यानं दाबून दाबून गुळगुळीत केला. "तीस वर्षं हेच करून राहिलो. थेंब गळत न्हाई," ते म्हणाले. सकाळपर्यंत लिंपण उन्हा-वाऱ्यानं कडक झालं होतं आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

"बघ पोरी, मुंग्यांना बी कळतं माझा गूळ असली हाय म्हणून!" आप्पा हसले. मीही हसले. तेव्हा माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे!

आठ माणसांनी काहील ओढत काठापर्यंत आणली आणि आठही जण काठावरच थांबले. पुढं चिखल होता. वर पापुद्रा वाळलेला, आत मांडीएवढा गाळ. आम्ही तिघांनी ती ढकलत ढकलत नेली. दहा पावलांवर एकदा दम खायचा, पुन्हा ढकलायची. पाण्याला लागेपर्यंत माझी कंबर मोडून आली होती, आणि अजून दिवसाचं काम सुरूही झालं नव्हतं.

आप्पांनी लिंगाचं वस्त्र गळ्याशी घट्ट बांधलं. "समोरासमोर बसा. एकानं बी मधी उठायचं न्हाई!"

काहिलीला ना होडीसारखं टोक, ना वल्हं. वल्ह्यांच्या जागी आमच्या हातात एकेक फळी. एका बाजूला फळी मारली की ती जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते. मी इकडून मारायची, आप्पांनी तिकडून, आणि आत्यानं मधे बसून आम्हा दोघांना बोलायचं.

"अगं डावीकडं! आप्पा, तुमी मारा की! निस्ते काय बघून राहिले?"

"धुरपता, तोंड बंद ठेव. त्याच्यानं बी काहील हलाय लागली."

तासभर लागला. खांदे भरून आले, तळव्यांना फोड आले. पण तळ कोरडा होता. आप्पा मधूनमधून लिंपणावरून बोट फिरवायचे आणि माझ्याकडे ऐटीत बघायचे.

बेटाचा चढ उभा होता. बाभळी, बोरी, पायाखाली निसटणारा मुरूम. काहील अर्धी पाण्यात, अर्धी खडकावर ठेवून आप्पांनी तिच्या कडीचा सोल, म्हणजे जाडा दोर, बाभळीला बांधला. वर पोचलो आणि मी बघतच राहिले. गवत! नुसतं गवत! वारा आला की सगळं टेकाड सळसळायचं. दोन वर्षांत मी एवढा चारा एका जागी पाहिला नव्हता. खरं सांगते, मला रडू आलं. आत्यानं पाहिलं आणि सरळ विळाच हातात दिला. "रड नंतर. आधी काप."

मी वाकले. दोन मुठी कापल्या. तिसऱ्यासाठी हात घातला आणि आत्या ओरडली, "थांब!"

मी थांबले. गवताच्या बुडाशी कुणीतरी जोरात फुसकारत होतं. घोणस! मनगटाएवढी जाड, वेटोळं करून बसलेली. माझा हात तिच्यापासून वीतभर. आत्यानं हळूच माझा पदर मागं ओढला. एक पाऊल. दुसरं पाऊल. फुसकारणं थांबलं.

"म्हणलं व्हतं का न्हाई," आत्या म्हणाली. "जनावर कुठं बसतंय ते मला ठाव हाय."

त्यानंतर काठीनं आपटत आपटत कापलं. ऊन डोक्यावर आलं. कुसळं लुगड्यातून आत शिरत होती, घामानं डोळे चुरचुरत होते. कापायचं, पेंढी बांधायची, पेंढ्यांचा भारा करायचा, भारा उतारावरून लोटायचा. तिसऱ्या भाऱ्यानंतर आम्ही बोलणं सोडून दिलं. आप्पांचा ऊर भात्यासारखा चालला होता. मी तांब्या पुढं केला आणि तशीच थबकले. आप्पांनी आजवर आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. त्यांनी तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आण इकडं," म्हणाले, आणि घटाघटा प्याले.

आत्या एका दगडावर टेकली होती. पाण्याकडे बोट करून म्हणाली, "तिथं आमचं घर व्हतं. तिथं हीर. सगळं खाली हाय." तिघंही एवढे थकलो होतो की तिथंच आडवे झालो असतो तर रात्रीपर्यंत उठलो नसतो. पण चांदी उभी होती, आमच्यासाठी. मी उठले.

एकूण नऊ भारे झाले. काहिलीत रचून दोरानं एकमेकांना जखडले आणि निघालो. वारा उठला होता. आमच्याच काठाकडे जाणारा, म्हणून बरं वाटलं. पण त्यानं लाटाही उठवल्या, आणि काहील आता काठोकाठ भरलेली.

अर्ध्या वाटेवर माझ्या टाचेला गार लागलं.

"आप्पा, पाणी!"

"लाटंचं आसंल."

"लाटंचं न्हाई. खालून येतंय!"

आप्पांनी भारा बाजूला सारून हात खाली घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांना पांढरी, चिकट लापशी लागली होती. त्यांनी ती हुंगली. त्यांचा चेहरा कधी विसरणार नाही मी.

चुना-गुळाचं लिंपण भट्टीवर चढलं की भाजून दगड होतं. तीस वर्षं ते भट्टीवर होत आलं होतं. इथं भट्टी कुठं होती? सकाळपासून गूळ पाण्यात विरघळत होता, आणि तीस वर्षांच्या गुऱ्हाळवाल्याला ते सुचलं नव्हतं. मुंग्या बघूनही मला सुचलं नव्हतं!

"उपसा!"

तांब्यानं उपसलं. ओंजळीनं उपसलं. पाणी घोट्यावर आलं. पोटरीवर आलं.

"भारे फेक, पोरी!"

"न्हाई!"

"फेक म्हणतो ना! तिघं मरू!"

"चांदी बसंल आप्पा! न्हाई फेकत!"

आत्यानं मला विचारलं नाही. तिनं वरचे दोन भारे उचलून पाण्यात लोटले. मी किंचाळले. आणि मग आम्ही तिघांनीही बघितलं, भारे बुडाले नाहीत. वाळलेलं गवत लाटेवर डुलत उभं राहिलं, दोराला धरून.

"तरंगतंय!" आत्या ओरडली. "सगळेच लोटा! धरून बसा त्यास्नी!"

लोटले. मी उडी टाकली. आत्या माझ्या मागं. आप्पा मात्र काहिलीतच, दोन्ही हातांनी काठ धरून, गुडघ्याएवढ्या पाण्यात.

"आप्पा, या!"

"आज्याची हाय ती..."

आत्यानं भारा धरून पाय मारत जाऊन त्यांच्या बोटांवर चापट मारली. "आप्पा, लोखंड पोहत न्हाई! सोडा!"

त्यांनी सोडली. काहील एका बाजूला कलली, मोठा बुडबुडा निघाला आणि ती सरळ खाली गेली. आप्पा एका हातानं भारा आणि एका हातानं गळ्यातलं लिंग धरून त्या जागेकडे बघत राहिले.

मग फक्त पाय मारायचे. मारायचे आणि मारायचे. वारा मागून ढकलत होता, हाच काय तो आधार. मधेच दोर तुटला आणि चार भारे भलतीकडे वाहून गेले. त्यांच्यामागं जायची ताकद कुणात नव्हती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. केव्हातरी पायाला गाळ लागला, आणि त्या गाळातून आम्ही रांगत, भारे ओढत, मधेच तोंडावर पडत काठाला आलो. लिंबाजी काठीवर रेलून उभा होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

दावणीला चांदी अजून उभी होती. मी ओलं गवत तिच्यापुढं टाकलं. तिनं हुंगलं, एक काडी ओढली, मग दुसरी. तिचा कराकरा आवाज ऐकत मी तिच्या पायाशी बसले आणि बसल्या बसल्या झोपले.

पाच भारे आम्ही पुरवून पुरवून घातले. बाराव्या दिवशी चांदी व्याली. कालवड, दुबळी पण जिवंत! आत्यानं खरवसाची वाटी आप्पांकडे नेली. त्यांनी खाल्ला आणि वाटी परत दिली. काहील गेल्यापासून ते गुऱ्हाळाकडे फिरकलेही नव्हते.

वैशाख सरता सरता तलाव इतका हटला की बेटाचं बेटपण संपलं. लोक पायी जाऊन उरलंसुरलं गवत कापून आणायला लागले. पायी! मला एवढा राग आला की दिवसभर मी कुणाशी धड बोलले नाही.

त्याच आठवड्यात काहिलीचा काठ दिसला. आप्पांना बोलवायला मीच गेले. चांदीला आणि कालवडीलाही बरोबर घेतलं, कारण काठाचं पाणी आता नुसता रेंदा झालं होतं; जनावर पाण्याला गेलं की रुतायचं, आणि मला त्यांना पाजायला कुठंतरी घट्ट जागा शोधायची होती. भेगाळलेल्या गाळावरून आम्ही चालत तिथवर गेलो. काहील सरळ बसली होती. आणि काठापर्यंत भरलेली! आजूबाजूला चिखल, आणि आत तळ दिसेल असं नितळ पाणी.

आप्पा गुडघ्यांवर बसले. बाही सारून हात तळाशी घातला, सांधा चाचपला.

"गाळ बसलाय भेगंत," ते म्हणाले. "गच्च."

एवढ्यात चांदीनं दावं हिसडलं, मान घातली आणि प्यायला लागली. मी ओढायला धावले. म्हाताऱ्याच्या आज्याची काहील, रसाची, तिच्यात गायीनं तोंड घातलेलं! पण आप्पांनी हातानंच मला थांबवलं. त्यांचे लाल डोळे भरून आले होते.

"पिऊ दे," ते म्हणाले. "पी माय. औंदा रस न्हाई, पण तू पी."

कालवड मायच्या पोटाखालून पुढं आली आणि तिनंही नाक बुडवलं. दोघींचं पिऊन होईपर्यंत आम्ही उन्हात उभे राहिलो. काहील बाहेर काढायची घाई कुणालाच नव्हती.