हललेला शॉट

एका अ‍ॅकॉर्डियनचा भाता फाटला आणि तेवढ्यावरून हे सगळं रामायण घडलं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बापलेकीच्या दुकानात तो भाता घेऊन एक दाढीवाला शिरला. लेकीला बाबा ठकी म्हणायचे. ती सरसाने चिकट झालेला हात पुसत, मान वर न करताच म्हणाली, "परवा मिळेल."

"परवापर्यंत इथेच बसलो तर?"

"दुकान आहे हे, वेटिंग रूम नाही."

"मग कॅमेरा घेऊन बसतो. कॅमेरा असला की लोक हाकलत नाहीत."

आता मात्र तिने मान वर केली. केली ती केली, आणि मग खाली घ्यायला जरा वेळच लागला.

तो संगीतावर माहितीपट करायचा, आपल्याच हिमतीवर आणि एकट्याने. कॅमेरा तोच धरायचा आणि कानाला हेडफोन लावून आवाजही तोच टिपायचा. त्या परवाचे बघता बघता तीन महिने झाले. रोज तो ठकीला कॉलरला लावायचा चिमुकला माईक द्यायचा आणि बजावायचा, "आत गेलात की हे बटण बंद करा. मला हेडफोनमध्ये सगळं ऐकू येतं."

"ऐकण्यासारखं मी काही बोलतच नाही."

"तेच तर दुःख आहे."

एवढ्यावर दोघांची गाडी अडायची. एक मनातलं बोलेल तर शपथ, आणि दुसरं विचारेल तर शपथ.

चित्रीकरण संपून सहा महिने झाले होते, आणि आज वाचनालयाच्या सभागृहात, तीन दिवसांच्या छोट्याशा चित्रपट महोत्सवात, त्याचा माहितीपट लागला होता. ठकीच्या शेजारी आत्या होती, बाबा मागच्या रांगेत. उद्या सकाळच्या गाडीने तो पुढच्या कामासाठी दोन वर्षं लांब जाणार होता. ठकीने ठरवून टाकलं होतं... 'छान झालाय' म्हणायचं, हसायचं आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायचं.

पडद्यावर बाबा एकेक सूर तपासत होते. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि अचानक कॅमेरा असा काही हलला की बाबा गेले, छत आलं, पंखा आला. बाबांचा आवाज आला, "अरे सांभाळ, स्टुलावरून पडशील." लोक खुदकन हसले.

ठकी हसली नाही. बाबांचं हे ओरडणं तिने त्या दिवशी मागच्या खोलीत ऐकलं होतं. ती सरस गरम करायला आत गेली होती आणि नेमका आत्याचा फोन आला होता. कॉलरला माईक होता. आणि बटण...?

पुढच्या दृश्यात एक चकचकीत पॉलिश केलेली पेटी होती, तिच्यात कॅमेरावाल्याचं प्रतिबिंब. हनुवटी गुळगुळीत.

"अगं," आत्या कुजबुजली, "मघाशी सुरुवातीला दुकानातल्या आरशात दिसला तेव्हा दाढी होती ना याला?"

ठकीचा हात आपसूक गळ्याशी गेला, माईक लावायचा तिथे. त्या दिवशी फोनवर ती आत्याला म्हणाली होती, "लग्न करीन तर याच्याशीच. दाढी तेवढी काढली पाहिजे." आणि दुसऱ्याच दिवशी तो तुळतुळीत होऊन आला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, उकडतंय. तेव्हा ऐन हिवाळा होता, आणि आमच्या या शहाणीला तरीही संशय आला नाही.

पुढे पडद्यावर काय झालं ते तिला विचारू नका. त्याने ऐकलं होतं. सात महिने त्याला ठाऊक होतं, आणि हूं की चूं न करता तो उद्या चालला होता. म्हणजे तिच्या बोलण्याचं उत्तर 'नाही' असंच होतं का? तिला लाज वाटली, राग आला आणि रडूही आलं, सगळं एकदमच.

दिवे लागले. तो पुढे येऊन उभा राहिला. ग्रंथपाल बाई माईक घेऊन रांगांमधून फिरू लागल्या. एका चष्मेवाल्या काकांनी विचारलं, "तो हललेला शॉट कापला का नाहीत?"

तो हळूच म्हणाला, "त्या क्षणी मला हेडफोनमध्ये एक वाक्य ऐकू आलं. ते माझ्यासाठी नव्हतं. चुकून ऐकलेलं वापरायचं नाही, हा आमच्या कामातला नियम आहे. म्हणून तिच्या माईकचा तेवढा आवाज पुसून टाकला. शॉट मात्र... पुसवला नाही."

"पण ज्याचं वाक्य, त्याला तरी सांगायचंत," काका म्हणाले.

"रोज सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर तिला नाही म्हणायला जागाच उरली नसती. वाटलं, खरंच द्यायचं असेल तर ती स्वतः देईल." त्याचा हात नकळत अजूनही गुळगुळीत असलेल्या हनुवटीवर गेला.

ठकीने हात वर केला. आत्याने तिचा पदर... नव्हे, ओढणी धरून ओढली, पण ती उभी राहिली होती. ग्रंथपाल बाई माईक देत म्हणाल्या, "चालू आहे बरं का."

"माहीत आहे," ठकी म्हणाली. "या वेळी मी मुद्दामच चालू ठेवलाय. लग्न करीन तर तुझ्याशीच. आणि दाढी... दाढी असली तरी चालेल."

त्याने समोरची खुर्ची घट्ट धरली. या वेळी कॅमेरा नव्हता, पण तो चांगलाच हलला.

"मग उद्याची सकाळची गाडी मी सोडतो," तो कसाबसा म्हणाला. "सकाळी आधी तुझ्या बाबांना भेटायला येतो."

"सकाळी कशाला? मी इथेच बसलोय की," मागून बाबा म्हणाले. त्यांच्या हातात माईक नव्हता, तरी सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.