फोटोत चेहरा उमटेना

मन्तशा, ते दार लोटून घे, गार वारं येतंय. आणि मोबाइलचे उजेड बंद करा सगळ्यांनी. तुमचा अलाउद्दीनचाचा गोष्ट सांगणार तर अंधारातच सांगणार.

ही ऐकीव नाही. आपला असलम आहे ना, माझ्या बहिणीचा मुलगा, पिरंगुटला कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे ज्याचं, त्याच्यावर गुदरलेली आहे. असलम म्हणजे भुताखेताचं नाव काढलं की फिदीफिदी हसणारा माणूस. घरात कुठं खडखड झाली तर तो आधी स्क्रू बघायचा. मागच्या पौषापासून मात्र तो हसत नाही.

पौषातली चतुर्दशी होती, रविवारची रात्र. असलम दुकानाचं शटर ओढत होता तेवढ्यात किशोरचा फोन आला. किशोर मुठा गावचा, असलमचा शाळेतला दोस्त. इकडंच चांदे गावाजवळ एका कंपनीत रात्रपाळीला असतो.

"असल्या, माझं एक काम कर. उद्या आईचं वर्षश्राद्ध हाय. फ्रेम आणून ठेवलीय, फोटो घरच्या प्रिंटरवर काढायचा तेवढा राहिलाय, आणि ते मशीन नेमकं आजच बिघडलं. शुभांगी दुपारपासून झगडतीय. सकाळी पाव्हणे दारात येतील, आणि मला पाळी सोडता येत न्हाई."

"नक्की होतंय काय?"

"फोटो येतोय रं... पण... तू जाऊनच बघ."

असलमनं हत्यारांची बॅग आणि लॅपटॉप पाठीला लावला, गाडीला किक मारली. उरवडे मागे पडलं, खिंड चढला, उतरला. खाली मुठ्यात धुकं बसलेलं होतं, दुधाच्या भांड्यासारखं काठोकाठ.

घर नवीनच, स्लॅबचं. शुभांगीवहिनींनी दार उघडलं. त्या गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेतात, सरावाच्या प्रश्नपत्रिका छापायला म्हणून तो प्रिंटर घेतलेला. वर्षाचं बाळ स्वयंपाकघरातल्या पाळण्यात झोपलं होतं. पुढच्या खोलीत टेबलावर प्रिंटर, त्याची पाठ बाहेरच्या दाराला; त्याच्यासमोर बसलं की डावीकडं कॉट, कॉटवर किशोरचे वडील बसले होते, कुशाबा. अंगावर घोंगडी, नजर जमिनीला. असलमनं सलाम केला तर नुसती मान हलवली.

"हे बघा दादा," म्हणत वहिनींनी कागदांचा गठ्ठा पुढं केला.

फोटो किशोरच्या आईचा, चंद्राबाईंचा. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, गळ्यात डोरलं, मागे दारातली तुळस. सगळं लखलखीत छापलेलं. फक्त पदराच्या आत, जिथं चेहरा हवा, तिथं कोरा पांढरा कागद. एका कागदावर नाही, सगळ्या कागदांवर.

असलमला त्यात विशेष वाटलं नाही. प्रिंटर नाना परीनं रुसतात, तुम्हाला ठाऊकच आहे. कधी कागद अडकतो, कधी शाई वाळते, कधी कॉम्प्युटर एक सांगतो आणि मशीन दुसरंच ऐकतं. त्याची कामाची एकच पद्धत. दोष कुठं नाही ते आधी ठरवत जायचं, म्हणजे तो कुठं आहे ते आपोआप हाती लागतं.

त्यानं शाईच्या टाक्या बघितल्या, भरलेल्या होत्या. तपासणीचा नमुना छापला, तर एकही रेघ तुटलेली नाही. तरी मशीनचं शाई सोडणारं हेड साफ करून घेतलं. छपाईच्या रांगेत अडकलेलं सगळं पुसून टाकलं. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम, काढला, नवा टाकला. मग बाळाचा फोटो छापला. गालावरचं काजळाचं बोटसुद्धा स्वच्छ उमटलं.

"आता झालं बघा वहिनी," म्हणून त्यानं पुन्हा चंद्राबाईंचा फोटो पाठवला.

लुगडं आलं. डोरलं आलं. चेहरा नाही.

"म्हणजे फाइलीत लोचा आहे," असलम म्हणाला. त्यानं फोटो स्वतःच्या लॅपटॉपवर घेतला. पडद्यावर चंद्राबाई छान हसत होत्या. वायर आपल्या लॅपटॉपला जोडली, छापलं. पुन्हा तेच.

"ऱ्हाऊ द्या की," कॉटवरून कुशाबा म्हणाले. "बिनफोटूचं बी हुतंय सराद."

"असं कसं आबा? पाव्हणे काय म्हणतील?" वहिनी म्हणाल्या. मग असलमकडं वळून हळूच सांगू लागल्या. "मला त्यांचं शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही हो दादा. मी बाळंतपणाला माहेरी. हे रात्रपाळीला. घरात आबा एकटेच. पहाटे अमावस्या लागल्यावर गेल्या. झोपेतच गेल्या, असं आबा सांगतात. मी येईपर्यंत सगळं उरकलेलं."

म्हणजे बघा, रात्र तीच होती.

असलमला अजून काही वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "एक करू. काहीच नसलेलं पान पाठवू. सगळं कोरं. मशीनचा दोष असला तर तेवढाच उमटेल."

त्यानं कोरं पान पाठवलं.

मशीन नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं. हेड इकडून तिकडं, तिकडून इकडं. कोऱ्या पानाला एवढं काय छापायचं असतं? मग कागद ट्रेमध्ये आला.

त्यावर चेहरा होता.

नुसता चेहरा. पदर नाही, डोरलं नाही. राखाडी रंगाचा. फोटोतल्यासारखा हसरा नाही. ओठ सुकलेले, जरासे उघडे. आणि डोळे डावीकडं वळलेले.

"आईच..." वहिनी म्हणाल्या.

असलमनं डावीकडं बघितलं. डावीकडं कॉट. कॉटवर कुशाबा.

म्हातारा उठला. घोंगडी तिथंच पडली. "बंद कर त्ये," म्हणाला, आणि खोली ओलांडून उजवीकडं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

मशीननं आपण होऊन कागद ओढला.

असलमनं लॅपटॉपमध्ये रांग बघितली. रिकामी. कुणी काही पाठवलेलं नाही. कागद बाहेर आला. तोच चेहरा. ओठ आणखी उघडे. डोळे आता उजवीकडं.

मन्तशा, इकडं सरक, घाबरू नको... ऐक.

असलमनं वायर उपटली. लॅपटॉपचा आणि त्या मशीनचा आता काही संबंध राहिला नाही. वायफायचं बटणही दाबून बंद केलं. तो माणूस अजून दोषच शोधत होता. वहिनी भिंतीला टेकून उभ्या. त्यांनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा सासऱ्याकडं.

ते बघणं कुशाबाला सोसलं नाही. तो टेबलाच्या मागच्या बाजूनं झपाझप गेला, बाहेरचं दार उघडलं आणि ओट्यावर निघून गेला. दार उघडंच. धुकं आत आलं.

बाहेरचं दार कुठं होतं? टेबलाच्या मागे.

मशीननं कागद ओढला.

या कागदावर डोळ्यांत बुबुळंच नव्हती... वर गेलेली. कागदाच्या वरच्या टोकाकडं. मशीनच्या पलीकडं. दाराकडं.

असलमनं भिंतीतली पिन खेचली. हिरवा दिवा विझला. सगळं गप्प. पाळण्यात बाळानं एक सुस्कारा टाकला तेवढाच आवाज.

मग...

आतला रूळ फिरला. वीज नाही. वायर नाही. रूळ फिरला. कागद सावकाश पुढं आला... अर्धा आला... आणि थांबला. वरचा अर्धा भाग तेवढा दिसत होता. कपाळ. आणि मिटलेले डोळे. तोंड अजून मशीनच्या आत.

कुणीही तो ओढला नाही.

बाहेर ओट्यावरून आवाज आला. आधी खोकल्यासारखा. मग शब्द.

"तिनं पानी मागितलं व्हतं..."

वहिनी दाराकडं वळल्या.

"आतल्या खोलीतनं हाक मारली. दोनदा, तीनदा... मी हितंच पडलेलो. सांजच्याला भांडान झालं व्हतं आमचं, कायतरी फालतू. म्हनलं, मारू दे हाका. जिरंल तिची."

धुक्यात कुठंतरी कुत्रं भुंकलं, गप्प झालं.

"मी जागाच व्हतो, पोरी."

असलम सांगतो, तेव्हा त्याला वाटलं, वहिनी आता ओरडतील, नाहीतर रडतील. त्यांनी दोन्हीही केलं नाही. स्वयंपाकघरात गेल्या. तांब्या भरला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं. आतल्या खोलीची कडी काढली. वर्षभर ती खोली बंदच होती. अंधारातच आत गेल्या, तांब्या ठेवला, बाहेर आल्या. आणि ओट्यावर जाऊन सासऱ्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

मग आत येऊन म्हणाल्या, "दादा, आता काढा फोटो."

असलमनं पिन लावली. दिवा हिरवा झाला. अडकलेला कागद सरकत पूर्ण बाहेर आला. खालचा अर्धा कोरा होता. त्यानं तो उचलायला हात घातला, तर वरचा अर्धाही कोरा.

फोटो पाठवला. लुगडं आलं, डोरलं आलं, आणि चेहरा आला. हसरा. पडद्यावर होता तसा.

आधीचे कागद? ते वहिनींनी चुलीत घातले. असलम तिथून उठला तो सरळ घरी. खिंडीत एकदाही गाडीच्या आरशात बघितलं नाही म्हणाला. श्राद्ध नीट पार पडलं. प्रिंटर अजून चालतो, पोरांच्या प्रश्नपत्रिका निघतात. किशोरला कुणी काही सांगितलं का, ते मला ठाऊक नाही. कुशाबा मात्र पार बदलला. रोज रात्री आतल्या खोलीत तांब्या तो स्वतः भरून ठेवायचा. सकाळी तांब्या रिकामा. वहिनींना वाटायचं, रात्रीतून उठून म्हातारा स्वतःच पितो, कुणाला दिसू देत नाही. जगू दे बिचाऱ्याला तेवढ्यावर.

मग उन्हाळ्यात कुशाबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. किशोर त्याला घेऊन पुण्यात मुक्कामाला. घरात वहिनी आणि बाळ, दोघंच. जाताना म्हाताऱ्यानं बजावलं होतं, तांब्या विसरू नको. वहिनींनी भरून ठेवला, वर फुलपात्र पालथं घातलं. आणि घरात बाईमाणूस एकटं, त्या खोलीची धास्ती वाटली, म्हणून तिला बाहेरून कुलूप लावलं. किल्ली उशाखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी असलमला त्यांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"दादा, प्रिंटर ठीक आहे. त्याच्यासाठी नाही केला फोन. आत्ता कुलूप काढलं मी. तांब्या रिकामा आहे. फुलपात्र पुन्हा नीट पालथं घातलेलं आहे."

"वहिनी, पाणी झिरपलं असंल..."

"ऐका तरी. त्या फुलपात्राच्या काठाला ओठांचा ठसा आहे. काळा. मी बोट लावून वास घेतला. मिश्री आहे, दादा. ओली मिश्री. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात दाताला मिश्री लावणारं कुणीच नाही."